मूठ घट्ट झाली म्हणजे ताकद आली का? लकव्यानंतरचा कडकपणा आणि ताकद

अण्णांना लकवा मारला त्याला आता दीड वर्ष होतंय. पहिले तीन आठवडे उजवा हात नुसता लोंबायचा, उचलून ठेवावा तिथंच पडून राहायचा. मग एक दिवस आईनं त्यांच्या हातात बोट दिलं तर मूठ अशी आवळली की बोट सुटंना. घरात सगळे खुश, परभणीहून आत्याचा फोन, "ताकद यायलीय बघ." मलाही तेच वाटलं. पण ती ताकद नव्हती, कडकपणा होता, आणि हा फरक कळायला आमचे चार महिने गेले म्हणून लिहायलोय, कारण गावात ज्यांच्या ज्यांच्या घरी असा पेशंट आहे तिथं हीच गल्लत बघितली.

ताकद म्हणजे मेंदूनं सांगितलं आणि स्नायूनं ऐकलं. धर म्हटलं की धरलं, आणि सोड म्हटलं की सोडलंही. हे सोडणं कुणी मोजतच नाही. कडकपणात, डॉक्टर त्याला स्पास्टिसिटी म्हणतात, मेंदूचा मज्जारज्जूवरचा लगाम ढिला पडलेला असतो. मग स्नायू जरा ताणला गेला की मज्जारज्जू मेंदूला न विचारता परस्परच त्याला आवळायला लावतो, माणसाच्या मर्जीचा त्यात संबंध नाही. अण्णांना जांभई आली की हात कोपरात वाकून आपोआप वर जायचा, आम्ही त्याचे व्हिडिओ काढून सगळ्या पाव्हण्यांना पाठवायचो, आणि जांभई संपली की "आता उचला" म्हटलं तर बोटसुद्धा हलत नव्हतं. तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

ओळखायची मोठी खूण म्हणजे वेग. वाकलेलं कोपर हळूहळू, मनात दहा आकडे मोजत सरळ केलं तर बरंच सरळ होतं, तेच जरा जोरात केलं की मधेच अडकतं. लान्स नावाच्या न्यूरॉलॉजिस्टनं १९८० मध्ये स्पास्टिसिटीची जी व्याख्या दिली तिच्यात हीच गोष्ट मुख्य आहे, ताणायचा वेग वाढला की विरोध वाढतो. घरी झटके देऊन तपासायच्या भानगडीत मात्र पडू नका, ते फिजिओवर सोडा. आणि कितीही हळू केलं तरी सांधा पुढं जातच नसेल तर ते तिसरंच, स्नायू आखूड होऊन बसलाय, काँट्रॅक्चर म्हणतात, ते मागं फिरवणं लई अवघड असतं.

फाइलवरच्या आकड्यांनी आमचा अजून घोळ झाला. अण्णांच्या कागदावर एका ठिकाणी ३ होतं आणि एका ठिकाणी २. कडकपणाचं माप अॅशवर्थ स्केलवर ० ते ४, तिथं आकडा वाढला की वाईट. ताकदीचं माप ० ते ५, तिथं वाढला की चांगलं, ३ म्हणजे हात स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो. आमचे ३ कडकपणाचे होते, आम्ही ते मार्कासारखे वाचून पेढे वाटले.

चेंडूचं सांगतो. कुणीतरी सांगितलं मऊ चेंडू दाबायला द्या, अण्णा दिवसभर दाबायचे. मूठ आवळणारे स्नायू आधीच जादा काम करायलेत, मागं पडलेत ते बोटं उघडणारे, आणि आम्ही नको त्याच कामाचा सराव करून घ्यायलो होतो. फिजिओच्या मॅडमनी तो बंद केला आणि तळवा बाजेवर पालथा, बोटं पसरून ठेवून त्यावर अंगाचा भार द्यायला लावला. आईला लगेच पटलं, भाकरी थापताना हात असाच उघडतो म्हणे.

कडकपणावर उपाय वेगळे: सावकाश ताणून धरून ठेवणं, स्प्लिंट (हात सरळ धरून ठेवणारी पट्टी), झोपताना हात कसा ठेवायचा ते, बॅक्लोफेनसारखी गोळी (मनानं एकदम बंद करायची नाही, धोका असतो), कुणाला स्नायू ढिला करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन, त्याचा असर साधारण तीन महिने. आणि एकाएकी कडकपणा वाढला तर आधी पोट साफ आहे का, लघवीला जळजळ आहे का, पाठीला जखम आहे का ते बघा, आमच्याकडं एकदा नुसती बद्धकोष्ठता निघाली. ताकदीला मात्र पेशंटनं स्वतः केलेलं कामच लागतं, तेच ते पुन्हा पुन्हा. मालिशवाल्यानं चोळून ताकद येत नाही, आणि हात लोंबता असेल तर दंडाला ओढून उठवू नका, खांदा निसटतो.

पायाचं जरा उलटं आहे. अण्णा उभे राहायचे ते गुडघ्याच्या कडकपणाच्या आधारावर. गोळीचा डोस वाढवला तर पाय मऊ पडला आणि ते मोरीत बसलेच, मग डॉक्टरांनी डोस परत कमी केला. म्हणजे सगळा कडकपणा काढून टाकायचा नसतो, कुठला ठेवायचा हे फिजिओ आणि डॉक्टर दोघांनी मिळून ठरवायचं.

सध्या रोज सकाळी अण्णा तांब्या ओट्यावरून उचलून बाजेवर ठेवतात, २० वेळा. बारा-तेरापर्यंत बोटं नीट सुटतात, मग चिकटायला लागतात. तेव्हा आम्ही थांबतो, हात मांडीवर पालथा ठेवतो, पाच मिनिटांनी परत सुरू.