मांबाचा दंश आणि दवाखान्याचं अंतर

ब्लॅक मांबा काळा नसतो. त्याची पाठ शिशासारखी राखाडी किंवा शेवाळी तपकिरी असते आणि पोट फिकट. नाव पडलं ते तोंडावरून. पळायला वाट उरली नाही की हा साप अंगाचा पुढचा तिसरा हिस्सा जमिनीवरून उचलतो, मान जराशी पसरवतो आणि जबडा वासतो. आतलं सगळं तोंड शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखं काळंभोर दिसतं. हा त्याचा शेवटचा इशारा असतो. तेव्हा समोरच्या माणसाने हालचाल थांबवली आणि मग हळूहळू मागे सरकला, तर बहुतेक वेळा सापही वळून निघून जातो.

१८६४ साली आल्बर्ट ग्युंथर यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली आणि डेंड्रोॲस्पिस पॉलिलेपिस हे नाव दिलं. 'मांबा' हा शब्द मात्र झुलू भाषेतल्या 'इमांबा'वरून आलेला. आपला नाग, मण्यार आणि नागराज हे त्याचे कुळबांधव. लांबी सहसा दोन ते तीन मीटर, क्वचित चारच्याही पुढे, म्हणजे विषारी सापांत नागराजाच्या खालोखाल. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला गवताळ माळ, विरळ झाडी आणि खडकाळ टेकड्या अशा जागी तो राहतो. वाळवीची ओस पडलेली वारुळं आणि खडकांतल्या कपारी ही त्याची घरं, आणि एकच घर तो दिवसेंदिवस वापरतो. शिकारीला दिवसा बाहेर पडतो. उंदीर, पक्षी, आणि डॅसी नावाचा सशाएवढा बिनशेपटीचा प्राणी हे त्याचं खाणं.

त्याच्याबद्दलच्या दंतकथा पुष्कळ आहेत. घोड्याला गाठतो, माणसाचा पाठलाग करतो, वगैरे. प्रत्यक्षात त्याचा वेग थोड्या अंतरापुरता ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो आणि तो वापरायचा असतो बिळाकडे पळण्यासाठी. वाटेत माणूस उभा असला की त्याला वाटतं साप आपल्याच अंगावर येतोय. असंच त्यांच्या झुंजीचं. दोन नर एकमेकांना पीळ घालून समोरच्याचं डोकं खाली दाबायला बघतात, आणि पाहणारे त्याला मीलन समजतात. आपल्याकडे धामणींच्या बाबतीत नेमका हाच घोटाळा होतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या डरबन शहरात मांबा अगदी वस्तीलगत राहतो. वेस्टव्हिल, रिझर्व्हॉयर हिल्स या उपनगरांना लागून झाडीच्या घळी आहेत. तिथे डॅसी आहेत, घरांजवळ उंदीर आहेत, म्हणून मांबाही आहे. छताच्या पोकळीतून, अडगळीतून सर्पमित्र त्यांना पकडून दूर सोडतात. इतक्या शेजाराने राहूनही तिथे मांबा चावण्याच्या घटना कमी घडतात. माझ्या मते या सापाच्या स्वभावाबद्दल याहून मोठा पुरावा नको.

पण चावला तर?

मांबाच्या विषाचा साठेक टक्के भाग डेंड्रोटॉक्सिन नावाच्या प्रथिनांचा असतो, हे २०१५ मधल्या पृथक्करणात दिसलं. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो ॲसिटिलकोलीन या रसायनाचे थेंब सोडून. हुकूम देऊन झाला की तंतूच्या टोकाशी असलेली पोटॅशियमची दारं उघडतात आणि तो शांत होतो. डेंड्रोटॉक्सिन ही दारंच बंद करतं. तंतू शांत होत नाही, रसायन सुटतच राहतं, स्नायू फडफडायला लागतात. विषातला आणखी तीसेक टक्के हिस्सा नागाच्या विषातल्यासारख्या प्रथिनांचा. त्यातली काही थेट स्नायूच्या बाजूला जाऊन बसतात आणि हुकूम घेणारी जागाच अडवतात. मण्यारीच्या विषातला एक मुख्य घटक तंतूची टोकं निकामी करतो, मांबाचं विष त्यांना बेभान करतं, आणि दोन्हीचा शेवट एकच: श्वासाचे स्नायू थांबतात.

दंशाच्या जागी सूज बहुधा फारशी नसते, त्यामुळे 'काही झालं नाही' असं वाटण्याचा धोका मोठा. काही वेळा दहा मिनिटांतच तोंडात धातूसारखी चव येते, ओठांना मुंग्या येतात. मग घाम, लाळ, पापण्या जड होणं, जीभ अडखळणं. उपचार मिळाले नाहीत तर मृत्यू जवळजवळ ठरलेला, बहुतेकदा काही तासांत.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे विष श्वास थांबवतं, पण मेंदू सहसा शाबूत असतो. असा रुग्ण पापणी उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही, तरी आजूबाजूचं बोलणं त्याला ऐकू येत असू शकतं. त्याचा श्वास दुसऱ्या कुणी चालू ठेवला, व्हेंटिलेटरने किंवा तोंडावर धरून नुसत्या हाताने दाबायच्या अंबू बॅग या हवेच्या पिशवीने, तर तो जगू शकतो. म्हणून मांबाच्या दंशात जीव जातो तो बऱ्याचदा रस्त्यात. दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर मांबा चावल्यावर हातापायाला मुरगळ्यावर बांधतात तशी रुंद पट्टी खालून वरपर्यंत गुंडाळायला, फळी लावायला आणि रुग्णाला चालू न देता उचलून न्यायला सांगतात. दोरीने करकचून आवळणं, चिरा देणं, विष चोखणं यातलं काहीही करायचं नाही.

दवाखान्यात लागतं ते प्रतिविष, आणि एका मांबादंशाला दहा किंवा त्याहून जास्त कुप्या लागू शकतात. शेतमजुराच्या घराला हा खर्च झेपणारा नाही. फ्रान्सच्या सनोफी पास्टर कंपनीने आफ्रिकेसाठीचं आपलं फाव्ह-आफ्रिक हे प्रतिविष २०१४ मध्ये बनवणं थांबवलं, आणि २०१६ च्या जूनमध्ये शेवटच्या साठ्याची मुदत संपली. मांबापेक्षा कितीतरी जास्त माणसं आफ्रिकेत पफ ॲडर हा जाडजूड विषारी साप आणि फुरशाचे जातभाई यांच्यामुळे मरतात, त्या सगळ्यांच्या वाट्याचं हे औषध होतं. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचं स्थान दिलं ते २०१७ मध्ये. इतका उशीर होण्याचं कारण सरळ आहे. साप चावतो तो अनवाणी राबणाऱ्याला, आणि त्याच्यासाठी बाजार हलत नाही.

इथे आपलाही संबंध येतो, आणि तो सगळाच अभिमानाचा नाही. प्रतिविष ज्या सापाच्या विषापासून बनवलं, त्याच सापावर नीट चालतं. घानामध्ये २००४ च्या सुमारास आधीच्या औषधाऐवजी भारतात बनलेलं स्वस्त प्रतिविष आणलं गेलं. तिथल्या फुरशावर ते चाललं नाही, आणि एका भागात दगावणाऱ्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आतून बारा टक्क्यांवर गेलं. मेलेली ती माणसं दवाखान्यात पोहोचलेली होती, हे मला विसरता येत नाही. आज पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावची एक कंपनी मांबासह आफ्रिकी सापांचंच विष वापरून आफ्रिकेसाठी प्रतिविष बनवते. घोड्यांना थोडंथोडं विष टोचायचं आणि त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं वेगळी काढायची, ही पद्धत सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीचीच आहे. घोड्याची प्रथिनं काहींना सोसत नाहीत, अंगावर पित्त उठतं, रक्तदाब कोसळतो, म्हणून इंजेक्शन देताना हा त्रास आवरणारं ॲड्रिनॅलिन हे औषध हाताशी ठेवावंच लागतं.

मांबाचं विष प्रयोगशाळेत वेगळ्याच कारणानेही गाजलं. २०१२ मध्ये फ्रेंच संशोधकांना त्यात मांबाल्जिन ही प्रथिनं सापडली. उंदरांमध्ये ती मॉर्फिनइतकी वेदना शमवतात, आणि मॉर्फिनसारखा श्वास मंदावत नाहीत. ज्या विषाने श्वास जातो त्याच विषात हे मिळावं!

डेन्मार्कमधल्या संशोधकांच्या गटाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांबा, नाग आणि त्यांच्या नातलगांपैकी आफ्रिकेतल्या १८ जातींचं विष एका लामाला आणि एका अल्पाकाला, म्हणजे उंटाच्या कुळातल्या दोन प्राण्यांना, टोचलं. त्यांच्या शरीरात तयार होणाऱ्या चिमुकल्या प्रतिद्रव्यांमधून आठ निवडून मिश्रण केलं. उंदरांवर ते १८ पैकी १७ सापांच्या विषाला पुरून उरलं. माणसांवरच्या चाचण्या व्हायच्या आहेत. तोवर आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत घोड्याच्या रक्तातलंच प्रतिविष चालेल, आणि फ्रिजमध्ये तेही नसेल तर रुग्णाशेजारी बसून रात्रभर आळीपाळीने अंबू बॅग दाबणारे हात.