कासव खात नाही म्हणून हार्मोन?

कासवाचं पिल्लू महिनोन्महिने तेवढंच राहिलं, अन्नाला तोंड लावेना, की पाळणाऱ्याच्या मनात हार्मोनच्या उपचाराचा विचार येतो. कल्पना अगदीच निराधार नाही. १९६० च्या दशकात सरड्यांच्या पिल्लांना वाढीचं हार्मोन आणि प्रोलॅक्टिन हे दुसरं हार्मोन टोचून पाहिलं, तेव्हा ती जास्त खाऊ लागली आणि वाढलीही. खंगलेल्या कासवांची भूक चाळवण्यासाठी पशुवैद्य कधीकधी थायरॉक्सिन हे थायरॉइड ग्रंथीचं हार्मोन देतात, झीज भरून यावी म्हणून नँड्रोलोनसारखी स्टेरॉइडंही वापरतात.

पण या सरपटणाऱ्या प्राण्यांना शरीराची ऊब बाहेरूनच मिळवावी लागते. थायरॉक्सिनमुळे सरड्याचा चयापचय वाढतो तो उबेत; गारठ्यात तेच औषध जवळपास निष्प्रभ ठरतं. पचनाचंही तसंच. पुरेशी ऊब न मिळालेल्या सापाने गिळलेलं भक्ष्य पोटात सडू लागतं आणि तो ते ओकून टाकतो. थंड टाकीतल्या प्राण्याने खाणं सोडलं तर तो आजार कसला, ते त्याचं शहाणपण! बॉल पायथन हा अजगर तर धडधाकट असतानाही काही महिने उपाशी राहतो आणि त्याचं वजन फारसं घटत नाही.

दुसरी अडचण ताणाची. दाटीत वाढणारी अॅलिगेटर या मगरीच्या जातीची पिल्लं हळू वाढतात आणि त्यांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं हार्मोन जास्त असतं, असं १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. वाढ रोखणारं हार्मोन आतून पाझरत असताना वाढवणारं बाहेरून टोचणं मला तरी व्यर्थ वाटतं. आधी गर्दी कमी करावी, लपायला जागा द्यावी.

या सगळ्यात एका हार्मोनचा मात्र विसर पडतो. त्वचेवर उन्हातले अतिनील-ब (यूव्हीबी) किरण पडले की ड-३ जीवनसत्त्व तयार होतं आणि यकृत व मूत्रपिंडात त्याचं हार्मोन बनतं. ते नसेल तर आहारातलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, हाडं मऊ पडतात, स्नायू दुबळे होतात, वाढ खुंटते आणि भूकही जाते. काचेतून येणारं ऊन इथे कामाचं नाही, कारण काच हे किरण अडवते. ड-३ तोंडावाटे बेसुमार दिलं तर मऊ अवयवांत कॅल्शियम साचतं; त्वचेत तयार होणाऱ्या ड-३ ने असं सहसा होत नाही.

थायरॉइडचा खरा आजार विरळा. प्राणिसंग्रहालयांतल्या महाकाय कासवांना गलगंड (थायरॉइड ग्रंथीची सूज) झाल्याच्या नोंदी आहेत. आयोडीनची कमतरता आणि कोबीवर्गीय भाज्यांचा मारा ही त्याची कारणं. तिथेही पहिला उपाय आहार बदलून आयोडीन पुरवणं हाच, थायरॉक्सिनची वेळ त्यानंतर येते.