फवारणीचं विमान आणि आडवी तार

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या केळीवर करपा हा पानांवरचा बुरशीजन्य रोग आला की फवारणी अजूनही बहुतेक ठिकाणी पंपानेच होते. मध्य अमेरिकेतल्या मोठ्या केळीबागांत करप्याच्याच कुळातल्या काळ्या सिगाटोका रोगासाठी विमानं उडतात. आता खान्देशात ड्रोन दिसू लागलेत, म्हणून या धंद्यातल्या अपघातांचा मागचा हिशेब पाहायला हवा.

सुरुवात 3 ऑगस्ट 1921 ची. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय गावाजवळ जॉन मॅकरेडी या लष्करी वैमानिकाने कर्टिस जेनी विमानातून कॅटाल्पाच्या झाडांवर लेड आर्सेनेट या विषारी कीटकनाशकाची भुकटी सोडली. अळ्या मेल्या आणि काही वर्षांतच कपाशीच्या बोंडातल्या सोंडकिड्यासाठी विमानं भाड्याने मिळू लागली. त्याच धंद्यातून पुढे डेल्टा ही प्रवासी विमान कंपनी उभी राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची स्टिअरमन विमानं स्वस्तात निघाली. शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेल्या या विमानांत पुढच्या बैठकीच्या जागी औषधाची टाकी बसवली गेली. समोर मोठं इंजिन, डोक्यावर पंख, मग पुढचं दिसणार काय? माणसं मरत राहिली. शेवटी फ्रेड वाइक या अभियंत्याने फवारणीसाठीच आखलेलं ‘एजी-1’ 1950 मध्ये उडालं. बैठक उंच, टाकी वैमानिकाच्या पुढे, पट्टे मजबूत. विमान आदळलं तर आधी नाक आणि टाकी चेपावी, माणूस वाचावा, हा त्यामागचा विचार. वैमानिक चुकणारच, हे त्यात गृहीत धरलेलं होतं. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत शहाणी गोष्ट तीच.

कारण चूक होते ती ठरलेल्या जागी. विमान पिकावरून तीन-चार मीटर उंचीने, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे सेकंदाला पंचावन्न मीटर. एवढ्या वेगात तार दिसतच नाही, म्हणून जुने वैमानिक तार न शोधता खांब शोधायला सांगतात. गंमत म्हणजे तारेला धडकलेल्या कित्येकांना ती तिथे आहे हे माहीत होतं. चार फेऱ्या टाळलेली तार पाचव्या फेरीत विसरली गेली. दुसरं ठिकाण शेताचा बांध. तिथे भरल्या टाकीनिशी वर उठून वळताना वेग पडला, तर सावरायला खाली उंचीच उरत नाही. उन्हाने हवा विरळ झाली की हे आणखी अवघड. पॅराथिऑनसारखी विषारी कीटकनाशकं अंगात भिनून नजर धूसर होण्याचा धोका वेगळाच. 2013 या एका वर्षात अमेरिकेत शेतीविमानांच्या 78 अपघातांची चौकशी झाली.

भारतात हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ‘बसंत’ हे शेतीविमान बनवलं, 1972 मध्ये ते उडालं, पण मोजकीच तयार झाली. आपल्याकडे ते रुजणं कठीणच होतं. तुकड्या-तुकड्यांची शेतं, दर दोन बांधांवर विजेची डीपी, मधे वस्ती. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पट्ट्यात तर पवनचक्क्याही आहेत. अशा ठिकाणी वारा मोजायला उभारलेले बारीक मनोरे आणि त्यांना ताणून धरणाऱ्या तारा, म्हणजे ताण, हे अमेरिकेत शेतीवैमानिकांच्या मृत्यूचं एक नवं कारण ठरलंय.

ड्रोनमध्ये माणूस बसत नाही, त्यामुळे धडक झाली तरी जीव जाण्याची भीती बरीच कमी. तारा मात्र त्याच आहेत, आणि बारीक तार ड्रोनच्या सेन्सरलाही हमखास दिसेल असं नाही. म्हणून उडवण्याआधी शेताला फेरी मारून खांब आणि ताण नकाशावर टिपून घ्यावे लागतात.