प्रार्थनाकीटक 'मित्र' कसा ठरला

हिवाळा सरायला लागला की अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत बागकाम करणाऱ्यांमध्ये एक जुना वाद नव्याने पेटतो. प्रार्थनाकीटकाची अंडी विकत आणून झाडांना टांगायची, की दिसतील तिथून खरवडून काढायची? रोपवाटिकांत आणि टपालाने ही अंडी आजही मिळतात. अंडी खरवडून काढा असं सांगणारेही आता कमी नाहीत. वाद परसबागेचा असला तरी तो उभा आहे सव्वाशे वर्षांपूर्वी घाईत दिलेल्या एका प्रशस्तिपत्रकावर.

या कीटकांचा दूरचा इतिहास थोडक्यात सांगतो. जगात त्यांच्या २,४०० च्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि बहुतेक उष्ण प्रदेशांतल्या आहेत. दिसायला नाकतोड्याचा भाऊबंद वाटला तरी त्याची जवळची नातलग झुरळं आणि वाळवी. १७५८ च्या वर्गीकरणात मात्र त्याला रातकिडे आणि नाकतोड्यांबरोबर एकाच पंक्तीला बसवलं होतं, आणि तिथून बाहेर यायला त्याला बराच काळ लागला. भारतात दीडशेहून अधिक जाती आहेत. उत्तर अमेरिकेच्या थंड भागात मूळच्या जाती मोजक्याच. त्यांतली या कथेशी संबंध असलेली म्हणजे कॅरोलिना मँटिस (मँटिस हे प्रार्थनाकीटकाचं इंग्रजी नाव): दोन-सव्वादोन इंच लांब, करड्या-तपकिरी रंगाची, सहज नजरेतून सुटणारी.

मादी नराला खाते हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. प्रार्थनाकीटकाबद्दल लोकांना ठाऊक असलेली बहुधा ती एकच गोष्ट. इथे महत्त्वाची आहे ती त्यानंतरची पायरी. मादी काडीला उलटी लटकून पोटाच्या टोकातून फेस सोडते आणि त्या फेसातच ओळीने अंडी घालत जाते. थोड्या वेळात फेस वाळून थर्माकोलसारखा हलका आणि घट्ट होतो. थंडी, पाऊस, उपासमार यांपैकी कशाचाही त्या पुंजक्यावर सहजी परिणाम होत नाही. पानगळीनंतर फांदीला चिकटलेला असा पुंजका कलमांच्या जुडीबरोबर बोटीत चढला, तर तो समुद्रापलीकडे जिवंत पोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेमकं हेच झालं असावं.

१८९६ मध्ये फिलाडेल्फियाजवळ चिनी मँटिस आढळला. हा चांगला चार इंचांपर्यंत वाढतो. तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरजवळ युरोपी मँटिस सापडला. तो रोपांबरोबर आला असं मानलं जातं. दोघांनाही कुणी मुद्दाम आणलं नव्हतं. मुद्दाम जे झालं ते नंतर.

त्या काळाची हवा लक्षात घ्यायला हवी. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका छोट्या लाल-काळ्या ढालकिड्याने कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा पिठासारख्या पांढऱ्या खवलेकिडीपासून वाचवल्या होत्या. हा विजय इतका मोठा आणि इतका झटपट होता, की किडीवर किडा सोडायचा आणि निवांत बसायचं, ही कल्पना कृषी खात्यांपासून बागायतदारांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसली. तो ढालकिडा जवळजवळ फक्त त्या एका खवलेकिडीवरच जगतो, हा तपशील मात्र मागे पडला. १९०० साली एका विद्यापीठाच्या कृषी बुलेटिनने युरोपी मँटिसला शीर्षकातच 'अमेरिकेतला नवा उपकारक कीटक' म्हणून टाकलं. किडा सापडून जेमतेम वर्ष झालं होतं. तो शेतात काय खातो आणि किती खातो, हे मोजण्याइतका वेळच मिळालेला नव्हता. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ माझ्या मते या शीर्षकात आहे.

शिक्का बसल्यावर प्रसार आपोआप झाला. हौशी कीटकप्रेमी अंडी एका गावातून दुसऱ्या गावात नेऊ लागले. १९३० च्या दशकात कॅनडातल्या ओकानागन खोऱ्यात युरोपी मँटिस नाकतोड्यांच्या बंदोबस्तासाठी मुद्दाम सोडण्यात आला. डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध लोकमत तापल्यावर अंड्यांना आणखी गिऱ्हाईक मिळालं. फवारणी नको असलेल्या माणसाला दुकानात जाऊन काहीतरी विकत घ्यायचं असतंच. आणि मँटिस विकायला सोपा: तो डोळ्यांना दिसतो, मान वळवून माणसाकडे पाहतो, मुलांना आवडतो. किडींच्या अंड्यांत वाढणारी बारीक परोपजीवी गांधीलमाशी भिंगाशिवाय नीट दिसतही नाही; तिची जाहिरात करायची कशी?

१९७७ मध्ये कनेक्टिकटने युरोपी मँटिसला राज्यकीटकाचा मान दिला. हा निर्णय आजही अधूनमधून उकरून काढला जातो, आणि त्याची अधिकृत नोंद मुळातून वाचण्यासारखी आहे. मँटिस मूळचा इथला नाही, तो उत्तर आफ्रिका, दक्षिण युरोप आणि समशीतोष्ण आशियातला आहे, हे तीत सरळ मान्य केलं आहे. त्याच्या खाण्याची यादी दिली आहे: मावा, माश्या, नाकतोडे, छोट्या अळ्या, पतंग. मधमाशी या यादीत नाही. फुलपाखरं, कोळी नाहीत, आणि दुसरे मँटिसही नाहीत. पुढचं कबुलीवजा वाक्य तर फारच मजेशीर आहे. जैविक नियंत्रणाच्या दृष्टीने मोठा परिणाम करण्याइतकी यांची संख्या राज्यात कधीच नव्हती, असं सांगून त्याच दमात मँटिस शेतकऱ्यांना उपकारक आहे आणि म्हणून निसर्गाचं महत्त्व पटवून देणारं प्रतीक आहे, असं म्हटलं आहे. उपयोग फारसा नाही, पण उपयोगी आहे म्हणून मान!

निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की परकेपणाचाच मुद्दा काढायचा तर मधमाशीही युरोपातून आलेली, आणि ती कितीतरी राज्यांची राज्यकीटक आहे. मुद्दा बिनतोड आहे. पण मधमाशीची निवड निदान तिच्या कामावर झाली. तिच्यामुळे फळ धरतं हे कुणी नाकारत नाही. मँटिसची निवड झाली त्याच्या ख्यातीवर. दक्षिण कॅरोलिनाने १९८८ मध्ये आपल्या मूळच्या कॅरोलिना मँटिसला हा मान दिला. त्याच्यावर कुणी आक्षेप घेतल्याचं ऐकिवात नाही, आणि त्याची चर्चाही फारशी होत नाही.

काय खातो याची पद्धतशीर मोजणी व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. पडीक माळावर आखलेल्या वाफ्यांत चिनी मँटिसची पिल्लं सोडायची, शेजारचे वाफे तसेच ठेवायचे, आणि काही आठवड्यांनी दोन्हींतले कीटक आणि वनस्पती मोजायच्या, असे ते प्रयोग. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मँटिस असलेल्या वाफ्यांत पानं खाणारे कीटक घटले आणि वनस्पतींची वाढ जास्त झाली. म्हणजे जुनं बुलेटिन अगदीच हवेत नव्हतं. पण भटके कोळीही त्या वाफ्यांतून निघून गेले, आणि कोळी हे स्वतःच किडींचे मोठे शिकारी. शिवाय हे सगळं माळावरचं. टोमॅटोच्या चार झाडांना टांगलेल्या एका पुंजक्यातून दीडदोनशे पिल्लं एकदम बाहेर पडतात, थोड्याच वेळात एकमेकांना खाऊ लागतात, उरलेली पांगतात. मावा खाण्याइतकी ती लहान असतात तो काळ थोडा. मोठ्या मँटिसला माव्यात रस नसतो.

त्याला रस कशात असतो, हे जवळून पाहिलं तर थक्क व्हायला होतं. अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराच्या अळीच्या अंगात रुईच्या कुळातल्या झाडांचं विष असतं, म्हणून बहुतेक पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. चिनी मँटिस ती अळी काटेरी पायांत धरतो, पोट फाडतो, हिरवी आतडी बाहेर पडू देतो आणि उरलेली अळी खातो. बिनविषारी अळी दिली तर आतड्यांसकट खातो. २०१३ च्या सुमाराला ही निरीक्षणं प्रसिद्ध झाली, आणि मोनार्कसाठी अंगणात खास झाडं लावणाऱ्या लोकांचं मँटिसबद्दलचं मत एका हंगामात फिरलं. २०१७ मध्ये जगभरच्या नोंदींचं एक संकलन आलं: मँटिसने छोटे पक्षी पकडल्याच्या १४७ घटना, १३ देशांतल्या, पक्ष्यांच्या २४ जाती. यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक घटना अमेरिकेतल्या, आणि बळी प्रामुख्याने हमिंगबर्ड. साखरपाण्याच्या बाटलीवर मँटिस दबा धरून बसतो आणि पाणी प्यायला आलेला पक्षी धरतो. पक्षी पकडणं हा अपवाद आहे, नियम नव्हे. पण छायाचित्र एकदा पाहिलं की हा फरक कुणी लक्षात ठेवत नाही.

यात कॅरोलिना मँटिसची अवस्था बिकट झाली. आकाराने दुप्पट असलेला पाहुणा तिला खातोच. त्यातून आता 'परकी अंडी काढा' मोहिमेत तिचीही अंडी खरवडली जातात. फरक ओळखणं खरं तर अवघड नाही. चिनी मँटिसचा पुंजका फुगीर, ओबडधोबड, पिंगपाँगच्या चेंडूच्या आसपासचा. कॅरोलिनाचा लांबट, चपटा, फांदीला सपाट चिकटलेला. कुठल्याही पुंजक्यावर बारीक गोल भोकं दिसली, तर पोडॅग्रिऑन वंशाच्या गांधीलमाश्या आधीच आपलं काम करून गेल्या आहेत असं समजावं. त्यांची मादी शरीराहून लांब अंडनलिका त्या वाळलेल्या फेसात खुपसून आतल्या अंड्यांवर आपली अंडी घालते.

परका मँटिस वेगळ्याच तऱ्हेनेही नुकसान करतो. १९७८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली एक जाती न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला सापडली. तिथल्या मूळच्या हिरव्या मँटिसचे नर या परक्या माद्यांच्या गंधाकडे ओढले जातात आणि खाल्ले जातात. मूळच्या जातीत मादी नराला सहसा खात नाही, त्यामुळे जपून जवळ जायची सवयच त्या नरांना नाही.

अमेरिकेत वादाला नवं वळण मिळालं ते २०१४ मध्ये, पेनसिल्व्हेनियात ठिपक्यांचा लँटर्नफ्लाय सापडल्यावर. द्राक्षवेलींचा रस शोषणारा हा कीटकही चीनकडचा. मँटिस त्याला खातात हे दिसल्यावर अंड्यांच्या जाहिराती पुन्हा जोरात सुरू झाल्या, आणि चिनी किडीला चिनी शिकारी हा युक्तिवाद ऐकायला छान वाटतो. मँटिस लँटर्नफ्लाय खातो हे खरंच आहे. पण तो शेजारच्या फुलावरची मधमाशीही खातो, आणि लँटर्नफ्लायच्या थव्यापुढे दोन-चार मँटिस किती पुरे पडणार?

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. मित्रकीटकांच्या तक्त्यांत ढालकिडा, क्रायसोपा (मावा खाणारा जाळीदार पंखांचा किडा), कोळी यांच्या शेजारी प्रार्थनाकीटक असतोच, आणि ते ठीकही आहे: इथल्या जाती इथल्याच आहेत, त्यांना सोडायचा प्रश्न नाही, फवारणी करताना वाचवायचा आहे. बाहेरून किडा आणण्याचा अनुभव आपल्यालाही आहे. गाजर गवतासाठी मेक्सिकन भुंगे १९८३ मध्ये बंगळुरूला आणले, ते दुसरं काही खात नाहीत ना याच्या चाचण्या घेतल्या आणि १९८४ मध्ये सोडले. तरीही पुढे ते सूर्यफुलावर दिसल्यावर गदारोळ झाला आणि चौकशी समिती बसली. मँटिसच्या बाबतीत अशी एकही चाचणी कुणी घेतली नव्हती, आणि घेतली असती तर तो पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

ऊस-कपाशीसाठी आपल्याकडे ट्रायकोकार्ड (मित्रकीटक असलेली अंडी चिकटवलेलं, शेतात लावायचं कार्ड) मिळतं, मँटिसकार्ड मिळत नाही, याचं कारण मात्र तत्त्वाचं कमी आणि व्यवहाराचं जास्त आहे. ट्रायकोग्रामा ही सुईच्या टोकाएवढी गांधीलमाशी, तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यांवर तिची वाढ करता येते आणि एका कार्डावर अशी वीसेक हजार अंडी मावतात. ती फक्त कीटकांच्या अंड्यांवरच जाते. मँटिसचं प्रत्येक पिल्लू मात्र वेगळ्या डबीत ठेवावं लागतं आणि त्याला रोज जिवंत खाद्य द्यावं लागतं. दोन पिल्लं एका डबीत ठेवली, तर लवकरच एकच उरतं.