आयर्लंडचे कालवे: माल गेला, पाणी राहिलं

मराठीत कालवा म्हटलं की धरण, चाऱ्या, पाटकरी आणि पाण्याची पाळी आठवते. आयर्लंडच्या कालव्यांचा शेताला पाणी देण्याशी संबंध नाही. तिथे पाऊस इतका की शेतकऱ्याला चिंता असते ती निचऱ्याची. तिथले कालवे खणले गेले नावांसाठी. अठराव्या शतकात जड माल न्यायचा तर रस्ते चिखलाचे होते. त्यापेक्षा पाण्यावर तरंगणारी नाव काठाने चालणाऱ्या एका घोड्याला ओढता यायची, आणि त्याच घोड्याच्या गाडीत मावेल त्याच्या कितीतरी पट माल तिच्यात बसायचा.

पहिली गरज होती कोळशाची. डब्लिनच्या चुली ब्रिटनहून येणाऱ्या कोळशावर पेटत होत्या, आणि उत्तरेला टायरोन परगण्यात कोळसा जमिनीत पडून होता. तो लॉख नेय या प्रचंड सरोवरातून न्यूरी बंदरापर्यंत आणि तिथून समुद्रमार्गे डब्लिनला आणायचा, असा बेत ठरला. १७३१ साली खोदाई सुरू झाली आणि १७४२ साली न्यूरी कालवा खुला झाला. मधला उंचवटा ओलांडून दोन बाजूंची पाणी जोडणारा हा ब्रिटन आणि आयर्लंडमधला पहिला कालवा, त्यावर १४ लॉक. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरच्या दारातल्या झडपा उघडायच्या. पाणी घोंगावत आत येतं, नाव हळूहळू वर उचलली जाते, आणि आतली-बाहेरची पातळी एक झाली की पुढचं दार सहज ढकलता येतं. तोवर कितीही जोर लावा, ते हलत नाही. ही युक्ती आजही जशीच्या तशी चालते. टायरोनच्या कोळशाने मात्र मोठी निराशा केली.

तरीही खोदाई थांबली नाही, आणि त्याला एक राजकीय कारण होतं. तेव्हा डब्लिनमध्ये आयर्लंडची स्वतःची संसद होती. तिजोरीत उरलेला पैसा लंडनच्या हाती जाण्यापेक्षा तो आपल्याच सार्वजनिक कामांवर लावावा, असं तिथल्या सभासदांना वाटे. डब्लिन ते शॅनन नदी असा ग्रँड कालवा १७५६ साली सुरू झाला आणि पूर्ण व्हायला १८०४ उजाडलं. लिफी नदीवरून कालवा नेणारा दगडी पूल १७८३ साली झाला. खरी कसोटी लागली ती ॲलनच्या दलदलीत. ही पीटची जमीन, म्हणजे शतकानुशतकं कुजलेल्या वनस्पतींचा भिजलेल्या स्पंजासारखा थर. तिच्यातलं पाणी काढलं तशी ती खाली बसत गेली आणि कालवा उंच बांधावर टांगल्यासारखा राहिला. त्या बांधांची काळजी पुढच्या प्रत्येक पिढीला घ्यावी लागली. १९८९ च्या जानेवारीतही एडनडेरीजवळ बांध फुटला.

ग्रँड कालव्याला निदान कारण होतं. त्याच्याच उत्तरेला, त्याच शॅननकडे जाणारा दुसरा, रॉयल कालवा १७९० च्या सुमारास कशासाठी हाती घेतला गेला, याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही. १८१७ साली तो शॅननला पोहोचला: १४५ किलोमीटरच्या आसपास लांबी, ४६ लॉक, आणि वाहायला पुरेसा माल नाही. १८४५ साली एका रेल्वे कंपनीने तो अख्खा विकत घेतला, कारण तिला काठाची आयती सपाट जमीन हवी होती. डब्लिनहून स्लायगोला जाणारी गाडी आजही मलिंगरपर्यंत या कालव्याची सोबत सोडत नाही.

पण या न चाललेल्या कालव्याच्या काठावर जे घडलं, ते आयर्लंड विसरलेलं नाही. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टन पत्नीबरोबर काठाने शहराकडे चालले होते. बरीच वर्षं न सुटलेलं कोडं चालता चालता उलगडलं आणि त्यांनी खिशातल्या चाकूने ब्रूम ब्रिजच्या दगडात क्वाटर्निअनचं, म्हणजे चार घटकांच्या एका नव्या प्रकारच्या संख्येचं, सूत्र कोरलं. तो मूळ कोरीव मजकूर आता दिसत नाही, तिथे पाटी आहे. चारच वर्षांनी, मे १८४७ मध्ये, याच काठावरून वेगळी माणसं चालत गेली. बटाट्याच्या रोगाने पडलेल्या दुष्काळात स्ट्रोक्सटाऊनच्या जमीनदाराने आपल्या कुळांतल्या १,४९० माणसांना देशाबाहेर धाडायचं ठरवलं. बायका-पोरांसह ती डब्लिनच्या बंदरापर्यंत पायी गेली, तिथून लिव्हरपूल आणि मग कॅनडा. त्यांतल्या कितीतरी जणांना पलीकडचा किनारा दिसलाच नाही. आज त्या १६५ किलोमीटरच्या वाटेवर जागोजागी लहान मुलांच्या बुटांच्या ब्राँझच्या जोड्या ठेवल्या आहेत. पुतळे नाहीत, फक्त बूट. यापेक्षा नेमकं स्मारक सुचणं कठीण.

दुष्काळातच आणखी एक कालवा खणला जात होता. शॅनन आणि अर्न या दोन नद्या जोडणारा बॅलिनामोर-बॅलिकॉनेल कालव्याचं काम १८४६ ते १८६० असं चौदा वर्षं चाललं आणि १८६९ साली तो बंदही पडला. मधल्या काळात कर भरून गेलेल्या नावा आठ. लॉख नेयला अर्नशी जोडणाऱ्या अल्स्टर कालव्याची दशा फारशी वेगळी नव्हती: त्याचे लॉक इतके अरुंद बांधले की शेजारच्या जलमार्गांवरच्या नावा त्यात शिरेनात. तोही १९३१ साली बंद झाला.

ग्रँड कालवा मात्र तग धरून राहिला, तो गिनेसच्या बिअरमुळे आणि पीटच्या इंधनामुळे. प्रवासी नावा १८५२ सालीच थांबल्या होत्या. रॉबर्ट्सटाऊनमधलं कालव्यावरचं हॉटेल आजही त्यांची आठवण देत उभं आहे. घोड्यांच्या जागी इंजिनं आली, पण ट्रकपुढे त्यांचंही चालेना. १९६० च्या मे महिन्यात गिनेसची शेवटची नाव डब्लिनहून निघाली. पुढच्याच वर्षी रॉयल कालवा वाहतुकीला बंद झाला.

इथे हा इतिहास संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण काही माणसं अडून बसली. शॅननवरचे उघडणारे पूल काढून तिथे बसके, कायमचे पूल बांधायचे बेत १९५० च्या दशकात होते. तसे झाले असते तर मोठ्या नावा कायमच्या अडल्या असत्या. या काळजीतून १९५४ साली आयर्लंडच्या अंतर्गत जलमार्ग संघटनेचा जन्म झाला. १९६० च्या दशकात डब्लिनमधला ग्रँड कालवा बुजवून त्याच्या पात्रातून सांडपाण्याची मुख्य वाहिनी न्यायची योजना आली, तीही लोकांनी हाणून पाडली. १९७४ साली रॉयल कालव्यासाठी हौशी मंडळी उभी राहिली आणि गाळ उपसायला लागली. १ ऑक्टोबर २०१० ला तो पुन्हा शॅननपर्यंत खुला झाला. उपसणं सुरू करणाऱ्यांनी तारुण्यात हाती घेतलेलं काम उतारवयात पुरं झालेलं पाहिलं. या जलमार्गांचे खरे कर्ते कोण, असं कुणी विचारलं तर मी मूळ अभियंत्यांच्या आधी यांची नावं घेईन.

आठ नावांचा तो कालवा १९९० ते १९९४ या काळात दुरुस्त झाला. ६३ किलोमीटर लांबीचा हा शॅनन-अर्न जलमार्ग आता स्वतंत्र आयर्लंड आणि ब्रिटनकडे राहिलेलं उत्तर आयर्लंड यांच्यातली सीमा ओलांडतो. त्याचे १६ लॉक नावाडी कार्ड घालून, बटण दाबून स्वतःच चालवतात. हिंसाचाराच्या वर्षांत सीमेवरचे कितीतरी रस्ते बंद होते, तेव्हा दोन्ही बाजूंनी मिळून पाण्याची वाट उघडली, ही लहान गोष्ट नव्हे. १९९८ च्या शांतता करारातून उत्तर-दक्षिण मिळून चालवायच्या ज्या संस्था निघाल्या, त्यांत जलमार्गांची संस्था आहे. तिचं मुख्यालय उत्तरेत, एन्निस्किलनला.

मालवाहतूक आता नाही. शॅननवर भाड्याची नाव घेऊन आठवडाभर फिरणारी कुटुंबं, गळ टाकून बसलेले मासेमार, नावेतच संसार थाटलेले लोक, हे आजचे वापरकर्ते. मेनूथपासून लाँगफर्ड परगण्यापर्यंत रॉयल कालव्याच्या काठाने १३० किलोमीटरची चालण्या-सायकलीची वाट २०२१ साली खुली झाली. डब्लिनमधल्या ग्रँड कालव्याच्या १७९६ च्या गोदीभोवती आता गुगलसारख्या कंपन्यांची कार्यालयं आहेत. त्याच कालव्याच्या काठावर मे २०२४ मध्ये निवारा न मिळालेल्या आश्रयार्थींचे तंबू होते. ते हलवून काठाला कुंपण घातलं गेलं. पाण्याचा काठ सगळ्यांचा म्हणून राखला गेला होता, त्यामुळे ते कुंपण पाहून अनेकांना वाईट वाटलं.

अल्स्टर कालव्याचं काम अजून चालू आहे. अर्नकडून कॅसल साँडरसनपर्यंतच्या तुकड्यात नावा जातात, क्लोन्स गावापाशीही पात्रात पुन्हा पाणी आलं आहे. मधला पट्टा खणायचा बाकी आहे.