शाळेतल्या खतखड्ड्यामागची शंभर वर्षं

शाळेच्या आवारात किंवा वस्तीच्या बागेत कंपोस्टचा खड्डा करायचं ठरलं की बोलणं बहुधा घनकचऱ्याच्या नियमांपासून सुरू होतं. ओला-सुका वेगळा करा, ओल्याची जिरवणूक जागेवरच करा, हा कायद्याचा भाग झाला. पण शाळेने खत का करावं याचं उत्तर कायद्यात सापडत नाही. त्यासाठी बरंच मागे, इंदूरपर्यंत जावं लागतं.

१९२४ मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड बिहारमधल्या पुसाची सरकारी शेती संशोधन संस्था सोडून होळकरांच्या इंदुरात आले. तिथल्या संशोधन संस्थेचं मुख्य काम कपाशीवर होतं. हॉवर्ड यांना दिसत होतं की माळव्यातल्या शेतकऱ्याचं निम्मं शेण गोवरीच्या रूपाने चुलीत जातंय आणि शेतातला काडीकचरा वाया जातोय. थोड्या शेणात जास्त काडीकचरा कुजवायचा कसा, हा त्यांचा प्रश्न होता. चिनी शेतकऱ्यांची रीत त्यांनी वाचली होती, इथल्या शेतकऱ्यांची पाहिली होती. त्यातून इंदूर पद्धत उभी राहिली. काडीकचऱ्याचा थर, त्यावर गोठ्यातली मूत मुरलेली माती, राख आणि शेणकाला, पुन्हा काडीकचरा. ढीग वर-खाली करायचा, म्हणजे पलटायचा. पहिली पलटी साधारण पंधरवड्याने, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार. कपाशीच्या पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या रस्त्यावर पसरून ठेवायच्या. येता-जाता बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चेचल्या जात आणि मग खड्ड्यात पडत. यंत्र नाही, वेगळी मजुरी नाही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं म्हणून ढीग जमिनीच्या वर रचायचा, हेही तिथेच ठरलं.

१९३१ मध्ये या कामाचं पुस्तक निघालं. त्यावर दोघांची नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड. सेंद्रिय शेतीचे आद्य प्रवर्तक म्हणून हॉवर्ड जगभर ओळखले गेले. वाड यांचं नाव आपल्याकडेही फारसं कुणी घेत नाही, आणि ते घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं.

१९३५ मध्ये गांधीजी इंदूरला गेले तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम पुढे आली. सूत कातणं, शेती आणि सफाई हे शिक्षणाच्या आड येणारं काम नसून त्यातूनच शिकायचं आहे, अशी ती मांडणी होती. सेवाग्रामच्या शाळेत बाग आणि सफाई रोजच्या वेळापत्रकात आली. आज शाळेत मुलांच्या हाती फावडं देण्याचं आपण कौतुक करतो, त्याचं मूळ इथे आहे. डिसेंबर १९४७ मध्ये, फाळणीच्या धामधुमीत, गांधीजींच्या शिष्या मीराबहेन यांच्या पुढाकाराने दिल्लीत अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली होती आणि गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये तिच्याविषयी लिहिलं होतं.

कोकणात याच विचाराला गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी धार दिली. कचरा आणि मैला उचलणं एका जातीच्या माथी मारलेलं आहे, ही त्यांची मूळ बोच. ब्राह्मण घरात जन्मलेल्या अप्पांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागून घेतलं आणि ते नाकारलं गेलं तेव्हा उपोषण केलं. १९४८ मध्ये कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम काढला. तिथे सोनखताचे आणि संडासाचे प्रयोग झाले. मैल्याचं वास न येणारं खत झालं की ते उचलायला कुणी खालचा लागत नाही, हे त्यांना हाताने करून दाखवायचं होतं. म्हणूनच एखाद्या शाळेत खतखड्डा दाखवायला नेतात तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, ढीग पलटतं कोण? शिपाईमामा आणि सफाईच्या मावशी, असं उत्तर आलं तर तिथे खत होत असेल, पण अप्पांनी ज्यासाठी आयुष्य घातलं ते होत नाही.

स्वातंत्र्यानंतर रासायनिक खतं आली आणि गावाचा उकिरडा मागे पडला. शहरात कंपोस्ट परतलं ते कचऱ्याची अडचण म्हणून. १९९६ मध्ये पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २००० चे घनकचरा नियम आले. पुण्याचा कचरा शेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी वर्षानुवर्षं ओतला गेला. विहिरींचं पाणी बिघडलं, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि तेव्हा कुठे शहराला आपल्या भाजीच्या देठांची आठवण झाली. १९९३ मध्ये संघटित झालेल्या कचरावेचक महिलांमधून २००७-०८ च्या सुमारास ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. तिच्या सभासद दारोदार कचरा गोळा करतात, काही सोसायट्यांमध्ये खतही करून देतात. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या मुख्य स्वयंपाकघराच्या गच्चीवर उरलेल्या अन्नाच्या आणि भाजीच्या कचऱ्यातून बाग उभी राहिली. धारावीला लागून असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर कचऱ्याच्या डेपोवरच वाढलं. तिथे १९७७ पर्यंत शहराचा कचरा पडत होता, १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं आणि आज शाळांच्या सहली तिथे येतात.

शाळांकडे हा विषय दोन वाटांनी परत आला. २००१ मध्ये राष्ट्रीय हरित सेनेची योजना सुरू झाली आणि शाळाशाळांत पर्यावरण मंडळं निघाली. त्यातलं काम बरंचसं फलक, घोषवाक्यं आणि ५ जूनपुरतं राहिलं. दुसरी वाट जास्त खरी ठरली, ती खिचडीची. २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेत शिजवलेलं अन्न मिळू लागलं, म्हणजे शाळेत रोजचा ओला कचराही आला. २०१९ मध्ये केंद्राने शाळांच्या परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या कचऱ्याला गिऱ्हाईक मिळालं. बाग नसलेल्या शाळेतला खड्डा सहसा टिकत नाही, कारण खत कुणालाच नको असतं. वाफ्यात पालक-मेथी लावली असेल तर मुलंच विचारतात, खत झालं का?

अडतं ते बहुतेक ठिकाणी एकाच जागी. खिचडीचं खरकटं आणि भाजीची सालं नुसतीच साठवली की चार दिवसांत घाण सुटते, चिलटं येतात, पालक तक्रार करतात आणि खड्डा बुजवला जातो. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला हवा. आणि नेमका तोच आपण जानेवारी ते मार्च झाडून, ढीग करून पेटवून देतो. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ नावाची चळवळ ज्यांच्याकडे पाला जास्त आहे त्यांची गाठ ज्यांना तो हवा त्यांच्याशी घालून देते. शाळेला तर हा पाला स्वतःच्याच आवारात मिळतो, पोती भरून वर्षभर ठेवता येतो.

मे महिन्याच्या सुट्टीत पलटी कोण मारणार, हा प्रश्न मुख्याध्यापक नेहमी विचारतात आणि तो रास्तच आहे. त्याचंही उत्तर जुनंच आहे. १९३९ च्या सुमारास बंगळुरूला सी. एन. आचार्य यांनी दुसरी पद्धत बसवली. खड्डा थराथराने भरायचा, वरून चिखलाने लिंपून टाकायचा आणि सहा-आठ महिने हात लावायचा नाही. शाळेच्या वर्षाला ती चपखल बसते. परीक्षेच्या आधी एप्रिलमध्ये खड्डा भरून लिंपायचा. कोकणात किंवा मावळात वर पत्र्याचं छप्पर घालायचं, भोवती चर काढायचा. जूनपासून रोजच्या कचऱ्यासाठी शेजारी इंदूर पद्धतीचा ढीग लावायचा आणि त्याच्या पलट्या इयत्तांमध्ये वाटून द्यायच्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरते तेव्हा एप्रिलचा खड्डा उघडण्याजोगा झालेला असतो आणि मेथी, पालक, मुळा पेरायचे दिवसही तेच असतात.