क्युस्तीन आणि हाक्स्टहाउझेन: एकाच झारच्या राज्यातले दोन प्रवासी

झार निकोलस पहिला याच्या काळातल्या रशियाचा विषय निघाला की दोन परदेशी प्रवाशांचे दाखले हमखास दिले जातात. एक फ्रेंच मार्क्विस आस्तोल्फ द क्युस्तीन, दुसरा प्रशियाचा बॅरन ऑगस्ट फॉन हाक्स्टहाउझेन. दोघेही उमराव घराण्यातले, दोघेही जुन्या वळणाचे, आणि प्रवासांत अंतर जेमतेम चार वर्षांचं. म्हणून ‘पाश्चात्त्यांना रशिया असा दिसला’ या एकाच गाठोड्यात दोघांना बांधलं जातं. मला ते मुळीच पटत नाही.

क्युस्तीन १८३९च्या उन्हाळ्यात आला आणि तीनेक महिने राहिला. फ्रेंच राज्यक्रांतीत त्याचे आजोबा आणि वडील दोघेही गिलोटिनखाली गेले होते. लोकप्रतिनिधींच्या राज्याविरुद्ध मुद्दे शोधायला मी रशियात गेलो आणि संविधानाचा पुरस्कर्ता होऊन परतलो, असं तो स्वतःच लिहितो. त्याने पाहिला तो मुख्यतः दरबार. पीटर्सबर्गचा हिवाळी राजवाडा १८३७च्या डिसेंबरात जळाला होता आणि झारच्या हुकमावरून सव्वा वर्षाच्या आसपास पुन्हा उभा राहिला. भिंती लवकर वाळाव्यात म्हणून ऐन थंडीत खोल्या भट्टीसारख्या तापवल्या आणि बाहेरच्या हिमातून त्या उष्णतेत ये-जा करणारे मजूर मेले, असं तो सांगतो. ही माहिती ऐकीव आहे, कारण त्या हिवाळ्यात तो तिथे नव्हता. पण बोलताना आवाज खाली आणणारी माणसं त्याने स्वतः पाहिली, आणि तिथे त्याची साक्ष मोलाची आहे. मात्र त्या भीतीवरून त्याने अख्ख्या रशियन समाजाचा स्वभाव ठरवून टाकला. तेही रशियन भाषा येत नसताना. १८४३ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकावर रशियात बंदी आली. पुढे जॉर्ज केनन या अमेरिकी मुत्सद्द्याने म्हटलं, की १८३९च्या रशियाबद्दल हे पुस्तक फारसं चांगलं नाही, स्टालिनच्या रशियाबद्दल मात्र उत्तम आहे.

हाक्स्टहाउझेन १८४३ मध्ये आला तो सरकारी मदतीने, आणि थेट खेड्यांकडे वळला. तो शेतीचा अभ्यासक. त्याचं लक्ष खिळलं ‘मीर’वर, म्हणजे गावकीवर. जमीन एका घराची नाही, गावाची. मगदूर पाहून तिचे पट्टे पाडायचे, ते कुटुंबांत वाटायचे, आणि काही वर्षांनी पुन्हा वाटणी करायची. प्रत्येकाला जमिनीचा वाटा असल्यामुळे युरोपातल्यासारखा भूमिहीन कामगारवर्ग रशियात तयार होणार नाही, असा त्याचा निष्कर्ष. ही व्यवस्था स्लाव्ह लोकांच्या रक्तातली आणि प्राचीन आहे, असंही तो मानत होता.

इथली चूक क्युस्तीनच्या चुकीपेक्षा जास्त खोल गेली, कारण ती रशियनांना आवडली. स्लाव्हवादी, म्हणजे रशियाने युरोपची नक्कल न करता आपल्याच परंपरेवर चालावं असं मानणारे विचारवंत, आधीपासून गावकीचं कौतुक करत होतेच. आता परक्या विद्वानाचा शिक्का मिळाला. समाजवादी हर्झेन तर त्याला मॉस्कोत भेटला होता. पुढे त्यानेही आपल्या समाजवादाचा पाया याच गावकीत शोधला. १८५६ मध्ये इतिहासकार बोरिस चिचेरिन याने जुने दस्तऐवज तपासून दाखवलं, की फेरवाटपाची ही पद्धत बऱ्याच अंशी भूदासपद्धतीतून आणि डोईपट्टीतून आली. सारा गावाने मिळून भरायचा, म्हणून जमीनही सगळ्यांत फिरवायची. तिच्या प्राचीनतेबद्दलचा वाद त्यानंतरही बराच काळ चालू राहिला.

पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये एल्फिन्स्टनने दख्खनवर लिहिलेल्या अहवालातही प्रत्येक गाव म्हणजे एक छोटं राज्यच, असा सूर आहे. त्यामुळे गावगाड्याची वर्णनं वाचलेल्या मराठी वाचकाला हाक्स्टहाउझेन ओळखीचा वाटेल.

फरक परिणामांतही दिसतो. क्युस्तीनवर रशियन चिडले, त्याला उत्तरं लिहिली गेली. मीर मात्र कायद्यात टिकला. १८६१ मध्ये भूदासांना मुक्त करताना बहुतेक ठिकाणी जमीन गावकीकडेच गेली आणि देण्यांची जबाबदारीही सामाईक राहिली. आपला वाटा घेऊन त्यातून बाहेर पडण्याची मोकळीक शेतकऱ्याला पंतप्रधान स्तोलिपिनच्या १९०६च्या हुकमाने मिळाली.